शमीमआपांना मी ‘थांबा’ म्हणाले

आता लोक मला फोन करतात. निलंग्याहून, उदगीरहून, परवा तर परभणीहून आला. पोटात जेली साचणारा हा कॅन्सर फार थोड्यांना होतो. त्यामुळं कुणाच्या घरी झाला की ते आधी झालेलं माणूस शोधतात, आणि कुठून तरी माझा नंबर त्यांना मिळतो. बहुतेकांना एकच विचारायचं असतं. ऑपरेशनमध्ये आतडं कापून जोडलेलं आहे, आता डॉक्टर पोटात जेली विरघळवणारं औषध सोडू म्हणतात, तर तो जोड टिकंल का?

फोनवर माझ्याकडून तुटक सांगितलं जातं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. यात माझी एक चूक आहे. ती गाळून लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला, पण मग लिहिण्यासारखं काही उरेना.

पोट वाढत गेलं

माझं नाव कल्पना. औशात माझी पिठाची गिरणी आहे. माझे मालक या आजाराच्या सहा वर्षं आधी हार्टनं गेले, तेव्हापासून मीच चालवते. एकच मुलगी, अश्विनी. आजार सुरू झाला तेव्हा ती लातूरला फार्मसीच्या डिप्लोमाला होती, होस्टेलवर राहायची.

त्या वर्षी माझं पोट वाढायला लागलं. जेवण कमी आणि पोट जास्त. हातपाय तर उलट वाळत चालले होते. गिरणीत काम करताना मी साडीवरून मालकांचा जुना शर्ट घालायची, पीठ उडतं म्हणून. तो शर्ट आधी सैल होता, मग बेताचा झाला, आणि दिवाळीच्या सुमाराला खालची दोन बटणं लागेनात.

दळण घेऊन येणाऱ्या बाया आधी म्हणायच्या, “कल्पना, तब्येत सुधारली बघ तुझी.” मग म्हणायचं बंद झालं. मी जवळ गेले की बोलणं थांबायचं. दोन-तीन घरची दळणं दुसऱ्या गिरणीवर जायला लागली. मला कळत नव्हतं असं नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली बाई, एकटी राहते, आणि पोट पुढं आलंय. लोकांना काय वाटत असणार ते मला कळत होतं. त्याच लाजेनं मी दवाखान्यात गेले नाही. डॉक्टरसुद्धा आधी तेच विचारणार, याची मला भीती होती. असे सात-आठ महिने गेले.

एका शनिवारी अश्विनी घरी आली होती. लाईट गेली होती, गिरणी बंद होती, मी पट्टा साफ करत बसले होते. ती माझ्यासमोर येऊन बसली.

“मम्मी, एक विचारते. रागावू नको.”

“विचार की.”

“तुला काही झालं असंल तर मला सांग. कुणी काय बी म्हणू दे. मी तुझ्या बाजूनं हाय.”

मला आधी कळलंच नाही. तिचे डोळे माझ्या पोटावर गेले, तेव्हा कळलं. राग यायला हवा होता, तो आला नाही. पोरगी लातूरहून येताना सगळ्या रस्त्यात हे वाक्य जुळवत आली असणार, एवढंच मनात आलं. मी तिचा हात धरला आणि पोटावर ठेवला.

“दाब,” म्हणलं. “मला बी ठाऊक न्हाई हे काय हाय. पण तू समजतीस ते न्हाई.”

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सोमवारी आम्ही दोघी लातूरला गेलो.

सुईत काही आलं नाही

लातूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, पोटात पाणी झालंय, सुईनं थोडं काढून तपासायला पाठवू. त्यांनी सुई घातली, मागं ओढली, काहीच येईना. जाड सुई घेतली. तरी येईना. शेवटी सुई बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला एक चिकट, पिवळसर तार लोंबत होती. डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले. “हे पाणी न्हाई,” ते म्हणाले. मग मोठा स्कॅन झाला, तुकडा तपासायला गेला.

अपेंडिक्समध्ये गाठ होऊन ती फुटली होती. तिच्यातल्या पेशी पोटभर पसरून जेली तयार करत होत्या. हा कॅन्सरच, पण सावकाश वाढणारा. मोठं ऑपरेशन लागणार, आणि ते हैदराबादला करा, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला संकोच होतो, पण लिहिते. मला हायसं वाटलं. आता कुणाला काही म्हणता येणार नाही, असं वाटलं. भीती दुसऱ्या दिवशी आली, चहा गाळताना. पातेलं तसंच खाली ठेवावं लागलं.

माझा धाकटा भाऊ दिलीप जळकोटकडं शेती करतो. तो आला. निघायच्या दिवशी त्यानं वहीचं पान फाडून त्यावर ठळक अक्षरात लिहिलं आणि गिरणीच्या शटरला चिकटवलं: ‘मालकीणबाईंना पोटाचा कॅन्सर झाला आहे. ऑपरेशनसाठी गिरणी बंद राहील.’ आपल्याकडं हा आजार लोक सांगत नाहीत, लपवतात. मी म्हणलं, “दिलीप, हे कशाला?”

तो शटरला कुलूप लावत म्हणाला, “वाचू दे अक्का सगळ्यांना.”

तेव्हा मला समजलं, ते बोलणं जळकोटपर्यंत गेलं होतं.

शमीमआपा

हैदराबादच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर नांदेडच्या शमीमआपा होत्या. वय पन्नाशीचं, लेडीज टेलर. त्यांचे मालक रहीमभाई कूलर आणि मोटारी दुरुस्त करायचे. आपांनाही हाच आजार होता. मलाही तोच आहे हे कळलं तेव्हा त्या उठून माझ्या खाटेवर येऊन बसल्या.

“डॉक्टर म्हणत्यात लाखात एखादीला होतो,” त्या म्हणाल्या. “मग आपण दोघी एका खोलीत कशा गं? काही तरी घोटाळा हाय यांच्या हिशोबात.”

मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसले.

दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टर मॅडमनी केली. पोट वरपासून खालपर्यंत उघडून जेली काढली, तिच्यासोबत गर्भाशय, अपेंडिक्स, मोठ्या आतड्याचा तुकडा, पोटाच्या आतलं अस्तर गेलं, आणि गरम केमोनं पोट धुतलं. आतडं जिथं कापलं तिथं पुन्हा जोडलं. सगळं मिळून दिवसभर चाललं. दिलीप म्हणतो, बाहेर बाकावर बसून त्याची कंबर गेली, पण उठायचं धाडस झालं नाही.

नंतरचे दिवस एका साच्याचे होते. सकाळी रक्त न्यायचे. मग तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं तोंडात धरून श्वास ओढायचा, गोळ्या वर गेल्या पाहिजेत. मग नळ्या आणि पिशव्या हातात घेऊन वॉर्डात चार फेऱ्या. आणि डॉक्टरांचा रोजचा प्रश्न, “गॅस पास झाला का?” आतडं जागं झालं की नाही ते त्यावरून कळतं. आपांचा आधी झाला. त्यांनी ते सगळ्या वॉर्डाला सांगितलं. समोरच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, “मुबारक.” हसताना टाके ओढायचे, म्हणून आम्ही पोटावर उशी दाबून हसायचो.

सहाव्या दिवशी मला थंडी वाजून ताप आला. दुपारपर्यंत पोट फळीसारखं झालं. नळीतून येणाऱ्या पाण्याचा रंग बदलला आणि त्याला वास यायला लागला. नर्सनं ती पिशवी बघितली आणि पळत गेली. माझा जोड सुटला होता.

मला परत आत नेलं. शुद्धीवर आले तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला आतडं बाहेर काढून त्यावर पिशवी लावलेली होती. शौच तिच्यात होणार, जोड भरेपर्यंत. मी एक-दोन महिने समजले होते. मला ती दहा महिने बाळगावी लागली.

हे सगळं शेजारच्या खाटेवरून आपांनी पाहिलं. मी कण्हत होते तेव्हा त्या माझा हात धरून बसायच्या, स्वतःच्या नळ्या सांभाळत. त्यांचा जोड टिकला. त्या माझ्याआधी घरी गेल्या. महिन्याभरानं औशाला एक पार्सल आलं. दोन सुती गाऊन होते, ढगळ, आणि उजव्या बाजूला आतून कप्पा शिवलेला, पिशवी नीट बसावी आणि वरून दिसू नये म्हणून. माप त्यांनी नुसतं नजरेनं घेतलं होतं.

त्यांचा फोन

घरी परतले तेव्हा माझ्यापेक्षा अश्विनीचे हाल जास्त झाले. तिनं होस्टेल सोडलं, परीक्षा सोडली. पिशवी बदलायची, भोवतालची कातडी पुसायची, गिरणी बघायची. आम्ही दोघी भांडायचो. ती ओरडायची, “तू पाणी पीत न्हाईस.” मी ओरडायची, “तू परीक्षा दे.” मग ती नवीन पिशवी कापायला बसायची.

आपांशी दर चार-आठ दिवसांनी बोलणं व्हायचं. सहा महिन्यांनी त्यांच्या पोटात जेली परत झाली. माझ्यापेक्षा त्यांच्या आजाराची जात तिखट होती, ती भराभर वाढत होती. दुसरं ऑपरेशन झालं. सगळी जेली निघाली नाही. काही भाग यकृताच्या खाली असा चिकटला होता की हात लावणं धोक्याचं. आणि आतड्याचा आणखी एक तुकडा काढून जोड घालावा लागला होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, सकाळी अकराच्या सुमाराला. मी गिरणीत होते. त्याच्या तासभर आधी माझी पिशवी गिऱ्हाइकांसमोर सुटली होती. साडीवर, जमिनीवर सगळीकडं झालं होतं. एक बाई नाकाला पदर लावून आपला पिठाचा डबा तसाच टाकून निघून गेली होती. मी मागच्या खोलीत अंग धुऊन नुसती बसले होते. तेव्हा फोन वाजला.

“कल्पना, तुला विचारल्याबिगर मी हो म्हणणार न्हाई,” आपा म्हणाल्या. “मॅडम म्हणत्यात, नळी घालून पोटात औषध सोडू. एक अननसातून काढतेत म्हणे, अन् दुसरं ते बलगम पातळ करायचं असतं ना, खोकल्यातलं, ते. दोन्ही मिळून जेलीचं पाणी होतं. मग नळीनं वढून घेतेत. पण माझा जोड तर अजून तीनच आठवड्यांचा हाय.”

“जोडाचं मॅडम काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, धोका न्हाई असं म्हणणार न्हाई, पण मोठा दिसत न्हाई, रोज नजर ठेवू. त्या इंग्रजी लई बोलल्या. यांना बी समजलं न्हाई. तू सांग, तू भोगलंस.”

मी सांगितलं. जे सहाव्या दिवशी झालं ते सगळं पुन्हा सांगितलं, त्यांनी पाहिलेलं असूनही. त्या सकाळी काय झालं तेही सांगितलं. आणि म्हणाले, “आपा, जे औषध जेली विरघळवतं ते जोड विरघळवणार न्हाई कशावरून? माझा तर औषधाबिगर सुटला. तुम्ही थांबा.”

“किती थांबू?”

“जोड पक्का होऊ द्या. दोन-तीन महिने.”

मग म्हणाल्या, “बरं. तू म्हणतीस तर थांबते.”

हे मी कशाच्या आधारावर सांगितलं? माझा जोड सुटला तेव्हा माझ्या पोटात तसलं कुठलंच औषध नव्हतं. त्या औषधाबद्दल मला काही माहिती नव्हती. मी भ्यालेली होते, आणि ती भीती मी त्यांना दिली. त्या दिवशी पिशवी सुटली नसती तर मी वेगळं बोलले असते का, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मला सांगता येत नाही.

माझी पाळी

त्या फोननंतर दोन महिन्यांनी माझी पिशवी बंद केली. बाहेर काढलेलं आतडं पुन्हा जोडून आत घातलं. म्हणजे मलाही ताजा जोड झाला. आणि महिन्याभरानं केलेल्या स्कॅनमध्ये ओटीपोटात जेलीचा एक कप्पा दिसला. तो मूत्रपिंडाची नळी दाबत होता. मूत्रपिंड सुजायला लागलं होतं.

मॅडमनी तेच औषध सुचवलं.

फरक एवढाच की माझ्यासोबत अश्विनी होती. तिनं कागदावर प्रश्न लिहून आणले होते. मॅडम घाईत होत्या, तरी ती उठली नाही. तिनं विचारलं, “हे औषध जेलीतलं नेमकं काय तोडतं? जोडावर ते लागलं तर काय होईल? लागू नये म्हणून काय करता? जोड सुटला तर आम्हाला पहिलं काय दिसेल? आणि हे न करता थांबलो तर काय?”

मॅडमनी खुर्ची ओढली आणि हिंदीत सावकाश सांगितलं. जेली प्रथिनांच्या धाग्यांनी घट्ट झालेली असते, औषध ते धागे तोडतं. ताजा जोडही सुरुवातीला अशाच चिकट थरावर धरलेला असतो, त्यामुळं तुम्हाला आलेली शंका आम्हालाही येते. जनावरांच्या ताज्या जोडांवर हे तपासलं जातंय, आणि आतापर्यंत दिसलेलं धीर देणारं आहे. पण माणसांमधला अनुभव अजून थोडा आहे. तुमचा कप्पा जोडापासून लांब आहे. नळी स्कॅनमध्ये बघून घालू, औषध थोडं-थोडं सोडू, रोज रक्त तपासू. ताप, दुखणं वाढलं तर थांबवू. थांबलात तर मूत्रपिंड जाण्याची भीती जास्त आहे.

मला सगळं समजलं. अर्धा तास लागला. आपांनाही हाच अर्धा तास मिळायला हवा होता, आणि त्यासाठी परत जाऊन विचारा, एवढंच मी म्हणायला हवं होतं.

मी विचारलं, “नांदेडच्या शमीमबी...”

“त्यांनी थांबायचं ठरवलं,” मॅडम म्हणाल्या. “पेशंटचा निर्णय असतो.”

तो निर्णय माझा होता, हे मी मॅडमना सांगितलं नाही.

पक्कं झाल्यावर सांगू

मी तेव्हाच आपांना फोन करायला हवा होता. केला नाही. मला वाटलं, आता घाईनं ‘घ्या’ म्हणलं आणि माझाच जोड सुटला तर? एकदा न समजता बोलले होते. यावेळी पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवलं. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

नळी घातली. औषध सोडलं की पोटात आग व्हायची, अंगावर काटा यायचा, ताप चढायचा. ताप चढला की मी नळीच्या पिशवीकडं बघायची, रंग बदललाय का, वास येतोय का. अश्विनी पिशवीजवळ नाक नेऊन सांगायची, “न्हाई मम्मी, वास न्हाई.” असं दिवसातून दहा वेळा तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सिरिंज लावून ओढली तेव्हा जेली पातळ होऊन भराभर आली. सिरिंजमागून सिरिंज. अश्विनी दाराशी उभी राहून ओठ चावत बघत होती.

सहावा दिवस मी खाटेला धरून काढला. काही झालं नाही. सातवाही गेला. मूत्रपिंडाची सूज उतरायला लागली आणि मला घरी सोडलं. मॅडम म्हणाल्या, दोन-तीन आठवडे नजर ठेवा, मग स्कॅन करू.

त्या आठवड्यांत एके दुपारी आपांचा मिस्ड कॉल पडला. मी लावला नाही. मग त्यांनी मोबाइलवर आवाज पाठवला. आवाज बारीक झाला होता. “कल्पना, कशी हायस गं? अश्विनी म्हणाली दवाखान्यात गेली होतीस. काय केलं? सांग मला.”

मी उत्तर लिहिलं, ‘बरी आहे आपा. स्कॅन झाला की बोलते.’

त्यांनी अंगठा पाठवला.

स्कॅन चांगला आला. जोड शाबूत, कप्पा जवळजवळ रिकामा. मी रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या जिन्याशीच उभी राहिले आणि नांदेडला फोन लावला. उचलल्याचा आवाज आला आणि मी बोलायलाच लागले.

“आपा, माझा जोड टिकला. तेच औषध घेतलं मी. तुम्ही घ्या आता, थांबू नका, मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला.”

पलीकडं कुणीतरी खाकरलं.

“आपा?”

“ताई, मी रहीम,” आवाज आला. “शमीम गेली. अकरा दिवस झाले.”

जेलीनं आतड्याला विळखा घातला होता. अन्न, पाणी, काहीच पुढं सरकेना. नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. हैदराबादला न्यायच्या अवस्थेत त्या राहिल्या नव्हत्या. “तुम्हाला कळवणार होतो,” रहीमभाई म्हणाले. “पण तीच म्हणाली होती, कल्पनाचा इलाज चालू हाय, तिला आत्ता काही सांगू नका.”

अश्विनीनं माझ्या हातातून फोन घेतला.

मी आता काय सांगते

पुढच्या तपासणीला मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शमीमबींचा आजार जास्त तिखट होता, त्या म्हणाल्या, औषधानं किती फरक पडला असता सांगता येत नाही. काही महिने मिळाले असते, किंवा नसतेही. मी ते वाक्य घरी घेऊन आले. आजही ते कुठं ठेवावं मला कळत नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी दोन्ही गोष्टी सांगते. माझा जोड सुटला, तेव्हा औषध नव्हतं. औषध घेतलं, तेव्हा जोड टिकला. यावरून तुमच्या पोटाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तुमचा जोड किती दिवसांचा, जेली कुठं, औषध जोडाला लागणार का, थांबलात तर काय बिघडणार, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. समजेपर्यंत विचारा. तुमच्या भाषेत सांगणारं माणूस सोबत न्या. आणि माझ्यासारखीच्या अनुभवावर ‘हो’ ठरवू नका, ‘नाही’ही ठरवू नका.

नांदेड

आपांचा चाळीसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी नांदेडला गेले. लांबचा प्रवास झेपणार नाही म्हणून दिलीप सोबत आला, पण घराबाहेरच थांबला. देगलूर नाक्याकडच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. शिलाई मशीन खिडकीपाशी होती, तिच्यावर चादर टाकलेली. रहीमभाईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसले. सून चहा ठेवून आत गेली.

मी ठरवून गेले होते, म्हणून लगेच सांगितलं. आपांनी विचारलं होतं, मी थांबा म्हणाले, मला काही माहिती नसताना म्हणाले. आणि नंतर माझं बरं होत होतं तरी त्यांना कळवलं नाही. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

रहीमभाई जमिनीकडं बघत ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, “मला माहीत हाय ताई. फोन स्पीकरवर होता. मी इथंच बसलो होतो.”

“मग तुम्ही तवा काहीच का म्हणाला न्हाईत?”

“काय म्हणणार? मी बी भ्यालो होतो.” त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. “तुमचा जोड सुटला तवा मी त्या वॉर्डात होतो. हिचं बी तसंच होईल असं रोज वाटायचं. तुम्ही थांबा म्हणालात अन् मला लई बरं वाटलं. तिला बी वाटलं.”

मी कप हातात घेतला.

“त्या दिवशी तिनं खिचडी मागून घेतली,” ते म्हणाले. “लई दिवसांनी पोटभर जेवली.”